बिनअंड्याचा रव्याचा केक: मापापासून डब्यातून काढेपर्यंत

रव्याचा केक सोपा, असं सगळेच सांगतात. तरी घरोघरी तक्रारी त्याच: तळाला गिच्च थर बसला, मध्ये खड्डा पडला, कापताना भुगा झाला, सोड्याची चव आली. दोष ओटीजीला (ओव्हन-टोस्टर-ग्रिलला) दिला जातो, पण बहुतेक वेळा बिघाड डबा आत जायच्या आधीच झालेला असतो. एकतर रवा नीट भिजलेला नसतो, नाहीतर सोडा फार लवकर पडलेला असतो. म्हणून इथे भाजण्याइतकाच भर भिजवण्यावर आणि क्रमावर आहे.

खालचं प्रमाण ७ इंची (१८ सेंमी) गोल आणि निदान अडीच इंच उंच डब्याचं आहे. त्यात मध्यम आकाराचे १० ते १२ तुकडे होतात. तयारीला १५ मिनिटं, भिजायला ४० मिनिटं, भाजायला साधारण तेवढीच आणि निवायला किमान दीड तास धरा. संध्याकाळी पाहुणे येणार असतील तर केक दुपारच्या जेवणाआधी हातावेगळा करा. दार वाजल्यावर गरम केकवर सुरी चालवायची वेळ येऊ देऊ नका.

## १. साहित्य आणि मापं

- बारीक रवा: २०० ग्रॅम (१ कप आणि २ मोठे चमचे)
- पिठीसाखर: १५० ग्रॅम (सव्वा कप)
- ताजं दही: २०० ग्रॅम (पाऊण कपाहून थोडं जास्त)
- कोमट दूध: १५० मिली, शिवाय घट्टपणा जुळवायला ४० ते ६० मिली
- पातळ केलेलं साजूक तूप: ८० ग्रॅम (६ मोठे चमचे)
- मैदा: ३० ग्रॅम (पाव कप)
- बेकिंग पावडर: १ छोटा चमचा
- खाण्याचा सोडा: पाव छोटा चमचा
- मीठ: चिमूटभर
- वेलदोड्याची पूड: अर्धा छोटा चमचा
- टुटीफ्रुटी किंवा बेदाणे: ५० ग्रॅम, हवे असतील तर

इथे कप म्हणजे २४० मिलीचा, मोठा चमचा १५ मिलीचा आणि छोटा चमचा ५ मिलीचा. सगळे सपाट भरायचे. घरातली आमटीची वाटी कुठे १५० मिलीची, कुठे २०० मिलीची असते. रवा, साखर, दही सगळं एकाच वाटीने घेतलं तर निदान आपापसातलं प्रमाण टिकतं. पण सोडा मात्र चहाच्या चमच्याने अंदाजे पडतो आणि तिथेच गणित चुकतं. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्याच. मापाच्या चमच्यांचा संच तर फारच स्वस्त मिळतो.

रवा बारीकच हवा. चिरोटी रवा उत्तम. घरात उपम्याचा जाड रवाच असेल तर मिक्सरमध्ये थांबत थांबत चार-पाच वेळा फिरवून घ्या, पीठ करू नका. किडे होऊ नयेत म्हणून कोरडा भाजून ठेवलेला रवा चालतो. तो थोडा जास्त वेळ भिजवा. तुपावर परतलेला मात्र नको, तो दूध नीट पीत नाही.

पिठीसाखर वजनानेच घ्या. एक कप पिठीसाखर साधारण १२० ग्रॅम भरते आणि तोच कप दाणेदार साखरेने भरला तर २०० ग्रॅम. एका पाककृतीतली ‘एक कप साखर’ दुसऱ्या प्रकारच्या साखरेने मोजली की केक एकतर अगोड होतो, नाहीतर जड होऊन खाली बसतो. गोड कमी खाणाऱ्यांसाठी १३० ग्रॅमपर्यंत उतरा, त्याखाली नको. साखर केकमधला ओलावाही धरून ठेवते, त्यामुळे ती फार कमी केली की दुसऱ्या दिवशी केक कोरडा पडतो.

दही आदल्या दिवशी लावलेलं, गोडसर हवं. आंबट दही संपवायला हा केक निवडू नका. आंबटपणा केकमध्ये उतरतो आणि तो लपवायला हात सोड्याकडे जातो. पाणी सुटलं असेल तर वरचं ओतून मग वजन करा.

तुपाऐवजी ८० मिली सूर्यफूल तेल चालतं. तेलाचा केक फ्रीजमध्येही मऊ राहतो, तुपाचा थिजून घट्ट होतो. चवीला मात्र तुपाचा सरस. घाण्याचं शेंगदाणा तेल वापरलं तर वेलदोडा हरतो. पिवळं खारं लोणी घेणार असाल तर ९५ ग्रॅम घ्या, कारण त्यात पाण्याचा अंश असतो, आणि वेगळं मीठ टाळा.

आधी तपासा: बेकिंग पावडरचा अर्धा चमचा गरम पाण्यात टाका, ती जोरात फसफसली पाहिजे. सोड्यावर लिंबाचे चार थेंब पिळा, तीच परीक्षा. पावसाळ्यात डबा उघडा राहिला की पावडर दमट होऊन मरते. मरगळलेली पावडर दुप्पट घालून काम भागत नाही, ती फेकूनच द्या.

## २. डबा आणि ओटीजी

डब्याला आतून तुपाचा पातळ हात फिरवा, तळाला बेकिंगचा कागद कापून बसवा, कडांना मैदा भुरभुरून जादाचा झटकून टाका. दुकानात ‘बटर पेपर’ म्हणून मेणाचा कागदही मिळतो. तो ओव्हनमध्ये धूर काढतो. पाकिटावर बेकिंगसाठी असं लिहिलेलं पाहूनच घ्या, नाहीतर तूप-मैदा पुरेसा आहे.

आतली जाळी अशा पातळीवर लावा की डबा ठेवल्यावर त्याची मधली उंची ओटीजीच्या मध्यावर येईल. लहान ओटीजीत याचा अर्थ बहुतेक वेळा खालची खाच. वरच्या तापणाऱ्या कांडीपासून डब्याच्या काठापर्यंत निदान तीन-चार बोटं जागा राहिली पाहिजे, कारण केक फुगणार आहे.

सावध: ओटीजी मोठ्या, १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावा, एक्स्टेन्शन बोर्डवर नको. मायक्रोवेव्हमध्ये करणार असाल तर कन्व्हेक्शन मोडवर, १६० ते १६५ अंशांवर. धातूचा डबा साध्या मायक्रोवेव्ह मोडवर ठेवू नका.

ओटीजी आत्ताच सुरू करायचा नाही. रवा भिजायला ठेवून २५ मिनिटं झाली की १८० अंशांवर लावायचा.

## ३. दही, साखर, रवा, दूध

फ्रीजमधून दही तासभर आधी काढून ठेवा. मोठ्या भांड्यात दही आणि पिठीसाखर रवीने नव्हे, साध्या व्हिस्कने किंवा काट्याने दोन-तीन मिनिटं फेटा. साखर बोटांना लागायची थांबली पाहिजे आणि दही पातळ, चकचकीत दिसलं पाहिजे. रवीने लोणी सुटायची धास्ती असते आणि हवा भरून इथे काही फायदाही नाही, ती पुढच्या ४० मिनिटांत निघूनच जाते.

आता रवा घाला, मग १५० मिली कोमट दूध. कोमट म्हणजे बोट बुडवलं तर ऊब लागावी इतकंच. गरम दुधाने दही फाटतं आणि रव्याच्या बाहेरच्या बाजूला लगेच चिकी येते. गुठळ्या मोडून एकसारखं करा.

या टप्प्यावर तूप, मैदा, बेकिंग पावडर, सोडा यांपैकी काहीही पडायला नको. ‘सगळं एकत्र करून दहा मिनिटं ठेवा’ असं सांगणाऱ्या कृती मुळातच इथे फसतात. तूप आधी घातलं तर ते रव्याच्या कणांवर बसतं आणि दूध आत शिरायला वेळ लागतो. सोडा आधी घातला तर दह्यातल्या आंबटाशी त्याची गाठ तिथल्या तिथे पडते, बुडबुडे भांड्यातच येऊन जातात आणि भाजताना फुगवायला काही उरत नाही.

## ४. भिजवणं

झाकण ठेवून ४० मिनिटं बाहेरच ठेवा, फ्रीजमध्ये नाही. थंडीत ५० मिनिटं द्या.

सुरुवातीला मिश्रण सरसरीत दिसतं आणि ‘दूध जास्त झालं’ असं वाटून लोक आणखी रवा टाकतात. टाकू नका. वीस मिनिटांनी ढवळून पाहा: तळाशी रवा बसलेला लागेल, तो वर आणा आणि पुन्हा झाका. चाळीस मिनिटांनी मिश्रण इतकं घट्ट झालेलं असतं की चमच्याने ओढलेली रेघ तशीच राहते. एक कण चिमटीत धरून दाबा. आत खडा लागला तर आणखी दहा मिनिटं.

अर्धवट भिजलेला रवा ओव्हनमध्ये गेला की दोन गोष्टी होतात. जड कण तळाला जाऊन गच्च थर होतो, आणि वरचा रवा भाजता भाजता उरलेला ओलावा पिऊन टाकतो, म्हणून वरचा भाग कोरडा. एकाच केकमध्ये खाली गिच्च आणि वर भुगा असं दिसलं की समजावं, घाई इथे झाली.

पंचविसाव्या मिनिटाला ओटीजी लावायला विसरू नका. वरच्या-खालच्या दोन्ही कांड्या चालू, १८० अंश. गडद किंवा काळा नॉनस्टिक डबा असेल तर १७०, कारण तो कडेने लवकर तापतो. पंखा असलेल्या ओटीजीत पंखा बंद ठेवता येत असेल तर बंद ठेवा. नसेल तर १६० ते १६५.

## ५. तूप, घट्टपणा, आणि मग सोडा

इथून पुढे हात थांबवायचा नाही, म्हणून सगळं मोजून ओट्यावर मांडून घ्या.

पहिल्यांदा तूप. ते पातळ पण कोमट हवं. कडकडीत नको आणि थिजायला आलेलंही नको. धारेने घालत एकजीव होईपर्यंत फेटा. वर तुपाचे डोळे दिसत असतील तर अजून फेटा. थंड दह्यात तूप पडलं तर त्याच्या कण्या होतात, म्हणून दही आधी बाहेर काढायला सांगितलं.

मग राखून ठेवलेलं दूध एकेक मोठा चमचा घालत घट्टपणा जुळवा. इडलीच्या पिठाहून किंचित घट्ट, एवढी खूण पुरे: डाव तिरका केला की मिश्रण सावकाश, जाड पडत यायला हवं. धार लागली तर पातळ झालं. उलटा डाव धरूनही पडेना, तर अजून दूध हवं. कुठल्या रव्याला ४० मिली पुरतं, कुठल्याला ६० लागतं. इथे आकड्यापेक्षा डावाचं ऐका.

आता मैदा, बेकिंग पावडर, सोडा, मीठ आणि वेलदोडा एका ताटलीत एकत्र करून दोनदा चाळा. चाळायचा कंटाळा केला की सोड्याची गुठळी राहते. केकमध्ये पिवळे-तपकिरी ठिपके दिसतात आणि तो घास साबणासारखा लागतो. चाळलेलं मिश्रणात घालून उलथण्याने खालून वर, हलक्या हाताने, कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंतच कालवा. मिश्रण हलकं होऊन बारीक बुडबुडे दिसू लागतील. आता फेटायचं नाही.

टुटीफ्रुटी चमचाभर मैद्यात घोळवून अर्धी मिश्रणात, अर्धी वरून. मिश्रण डब्यात ओता, डबा ओट्यावर एकदाच हलका आपटा. तो अर्ध्याहून थोडा अधिक भरलेला दिसावा. दोन तृतीयांशच्या वर गेलं तर उरलेलं दोन वाट्यांमध्ये घालून वेगळं भाजा.

वेळेचा नियम: सोडा पडल्यापासून पाच मिनिटांच्या आत डबा तापलेल्या ओटीजीत. ओटीजी अजून तापला नसेल तर सोडा घालूच नका. भिजलेलं मिश्रण आणखी पंधरा मिनिटं थांबलं तरी त्याचं काही बिघडत नाही.

इनो वापरायचं असेल तर बेकिंग पावडर आणि सोडा दोन्ही वगळा. साध्या चवीचं इनो सपाट १ छोटा चमचा, सर्वांत शेवटी, टुटीफ्रुटीच्याही नंतर घाला. त्यात सोड्यासोबत सायट्रिक आम्ल आधीच असतं, त्यामुळे ओलावा लागताच ते सगळा जोर एकदम काढतं. पाच मिनिटांचीही मुभा नाही.

## ६. भाजणं

३५ ते ४५ मिनिटं. पहिली २५ मिनिटं दार उघडायचं नाही, काचेतून बघा. या काळात केक फुगलेला असतो पण आतून घट्ट झालेला नसतो, आणि थंड हवा लागली की मध्ये बसतो. वरून रंग लवकर येत असेल तर २५ मिनिटांनंतर ॲल्युमिनियम फॉइल सैलसर पसरून ठेवा, कांडीला चिकटणार नाही अशी.

झालं हे तीन खुणांवरून ओळखा: कडा डब्यापासून सुटू लागतात, मध्यभागी बोटाने दाबलं की खड्डा भरून येतो, आणि मध्यभागी खुपसलेली टूथपिक ओल्या पिठाशिवाय बाहेर येते. एखाददुसरा मऊ कण चिकटला तर चालतो. नुसत्या रंगावर जाऊ नका.

५० मिनिटं झाली तरी मध्य कच्चा आहे, असं दरवेळी होत असेल तर ओटीजीचा आकडा आणि आतली उष्णता यांत फरक आहे. आत ठेवायचा छोटा ओव्हन थर्मामीटर एकदा घेऊन ठेवा. १८० वर लावल्यावर आत १६० भरत असतील तर पुढल्या वेळी आकडा २०० वर. व्होल्टेज कमी असलेल्या संध्याकाळीही ओटीजी तापायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतो.

### ओटीजी नसेल तर

जाड बुडाची कढई किंवा पातेलं घ्या. कुकर कोरडा तापवल्याने खराब होतो, म्हणून रोजचा कुकर यात घालू नका. जुना वापरणारच असाल तर रिंग आणि शिट्टी आधी काढा. नॉनस्टिक भांडं अजिबात नको. तळाशी दीड-दोन कप जाडं मीठ पसरा, त्यावर तिवई, वर खोलगट झाकण. मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा, डबा ठेवा, पाच मिनिटांनी आच अगदी बारीक करा आणि ४५ ते ५५ मिनिटं भाजा. तपासणी ४० मिनिटांनंतरच. सपाट झाकणावरचं पाणी केकवर ठिबकतं, खोलगट झाकणाचं कडेने उतरतं. झाकणाला फडकं बांधणार असाल तर त्याची टोकं वर घेऊन गाठ मारा, आचेजवळ लोंबू देऊ नका.

कढईतल्या केकला वरून उष्णता मिळत नाही, त्यामुळे तो वरून फिकटच राहतो. रंग यावा म्हणून आच वाढवली तर खालून करपेल. मीठ गार करून बरणीत भरा, पुढच्या केकला तेच चालतं. स्वयंपाकात मात्र वापरू नका.

## ७. निववणं, काढणं, कापणं

डबा बाहेर काढून जाळीवर १० ते १५ मिनिटं ठेवा. मग कडेने सुरी फिरवा, ताटली उपडी ठेवून उलटा, कागद सोलून लगेच जाळीवर सरळ करा. गरम असताना उलटला तर मधून तुटतो. उलट पूर्ण गार होईपर्यंत डब्यातच राहिला तर वाफ खाली कोंडते, तळ ओला होतो आणि नीट भाजलेला केकही गिच्च वाटतो.

कापायला तासाभराने घ्या, चार तासांनी आणखी बरं. रवा तोवर ओलावा सारखा वाटून घेतो आणि तुकडे स्वच्छ पडतात. दातेरी सुरी पुढे-मागे चालवा, दाबू नका.

बंद डब्यात बाहेर दोन दिवस राहतो. मुंबई-कोकणातल्या दमट दिवसांत एकच धरा. फ्रीजमध्ये चार-पाच दिवस. फ्रीजमधला तुपाचा तुकडा अर्धा तास बाहेर ठेवून किंवा मायक्रोवेव्हमध्ये १० ते १५ सेकंद फिरवून द्या, नाहीतर खाणाऱ्याला तो शिळा वाटेल.

## ८. बिघडला तर कुठे बघायचं

मध्ये खड्डा: दार लवकर उघडलं, सोडा जास्त झाला किंवा मध्य कच्चा राहिला. खड्ड्याखाली ओलं पीठ दिसलं तर कच्चा, जाळीदार पण कोरडं दिसलं तर सोडा.

वर डोंगर होऊन चीर पडली: उष्णता जास्त, किंवा डबा वरच्या कांडीजवळ, किंवा प्रमाणाला डबा लहान. चवीला हा केक चांगलाच असतो. वरचा भाग कापून सपाट करा.

भुगा होतो: रवा जाड होता, तूप कमी पडलं किंवा गरम कापला.

फुगलाच नाही: पावडर मेलेली, नाहीतर सोडा घातल्यावर मिश्रण ताटकळत राहिलं.

## बदल आणि मोठं प्रमाण

आंब्याच्या दिवसांत १५० मिली दुधाच्या जागी १५० ग्रॅम हापूसचा गाळलेला रस घ्या आणि साखर १२० ग्रॅमवर आणा. डबाबंद गोड पल्प असेल तर ११०. दही तेवढंच राहू द्या, घट्टपणा शेवटी दुधानेच जुळवा. गुळाचा करायचा तर १५० ग्रॅम किसलेला गूळ दह्यातच विरघळवून गाळून घ्या आणि १७० अंशांवर भाजा, कारण रंग लवकर चढतो. कोको घालून चॉकलेट केक करायचा मोह टाळलेला बरा. रव्याचा कण कोकोत चरचरीत लागतो. चॉकलेटचा हवा असेल तर मैद्याचा वेगळा करा.

६ इंची डब्याला वरच्या प्रमाणाच्या पाऊणपट, ८ इंचीला सव्वापट आणि ९ इंचीला दीडपटीहून थोडं जास्त साहित्य घ्या. मिश्रणाची उंची तेवढीच राहत असल्याने वेळेत फक्त पाच-सात मिनिटांचा फरक पडतो. दुप्पट मिश्रण एकाच ७ इंची डब्यात कोंबू नका, कडा करपतील आणि मध्य कच्चा राहील. लहान ओटीजीत दोन डबे एकदम ठेवले तर हवा फिरत नाही, तेव्हा एकामागून एक भाजा. त्यासाठी भिजवलेलं मिश्रण तूप आणि घट्टपणा जुळवून झाल्यावर दोन भांड्यांत वाटून घ्या, चाळलेली पूडही दोन भाग करून कोरडीच ठेवा, आणि दुसऱ्या भांड्यात ती पहिला केक बाहेर आल्यावरच घाला.